माझी लेक चपला राखते

शहरातल्या आमच्या गारखेड्यात नळाला पाणी येतं त्या सकाळी सगळी गल्ली रस्त्यावर असते. कुणाचा ड्रम भरून वाहतोय, कुणाचा नळ नुसता फुसफुसतोय, कुणाच्या मोटारीनं शेजारणीचं पाणी ओढल्याची कुरकुर चाललीय, आणि त्याच गडबडीत एकमेकींच्या पोराबाळांची चौकशीही होऊन जाते. समोरच्या वहिनींनी मला एकदा असंच विचारलं होतं, "तुमची पोरगी काय करती हो आता?" मी "बाहेर असती" एवढंच म्हणून पाइप दुसऱ्या ड्रमात टाकला. इंजिनिअर झालेली, वाळूजच्या कंपनीत चांगली चिकटलेली एकुलती एक मुलगी सगळं सोडून अंदमानातल्या एका बेटावर लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवते, हे आठवड्यातनं एकदा नळ येणाऱ्या गल्लीत कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, माझी लेक चपला राखते. ऐकणारी हसते, मीही हसते, आणि पाणी भरून झालेलं असेल तर तिला ओट्यावर बसवून पुढचं सांगते.

मी पाचोडच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सव्वीस वर्षं झाली, रोज एसटीनं जाणं-येणं. माझं माहेरही तिकडचंच, विहिरीच्या पाण्यावरचं. नवऱ्याचं गारखेड्यात मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. आसपासच्या खेड्यांतल्या विहिरीतल्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात आणि बऱ्या होऊन जातात. तोंडानं कमी बोलणारा माणूस. मुलगी मैत्रिणींबरोबर आठ दिवस अंदमानला फिरायला गेली, परत आली, आणि दोन महिन्यांत नोकरीचा राजीनामा देऊन बॅग भरली, तेव्हा ते फक्त एवढंच बोलले, "लोकांच्या मोटारी भरून भरून तुला शिकवलं. ते काय पाण्यात खेळायला?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. तिचा फोन आला की हे उठून गच्चीवर जायचे. ओरडले असते, भांडले असते तर मी मध्ये पडले असते. गप्प माणसाच्या मध्ये कसं पडायचं? दीड वर्ष आमच्या घरात दोन वेळचा स्वयंपाक झाला, सणवार झाले, पण तिघांचं घर काही झालं नाही. मला दुसरं काही नको होतं. पोरगी घरी यावी आणि बाप-लेकीनं एकमेकांशी बोलावं, बास.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर तिच्या जुन्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. जूनपर्यंत एक जागा रिकामी आहे, यायचं असेल तर कळवा. मी तो निरोप मोठ्यानं सांगितला. हे टीव्हीकडे बघत होते. जाहिराती संपल्यावर म्हणाले, "तू जाऊन ये. तुझं ऐकंल ती."

"घेऊनच येते," मी म्हणाले. बोलायला माझं काय जातंय!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तिच्या खोलीतला कूलर अंगणात होता आणि हे त्याचं जुनं गवत काढून नवं भरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई धूळ बसली होती." मी चहा टाकायला आत गेले आणि गॅसपाशी उभी राहून डोळे पुसले. शब्द देऊन बसले होते ना.

ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी आणि तिच्या आवडीचे खारे दाणे घेऊन मी निघाले. रेल्वे, मग विमान, मग पोर्ट ब्लेअरहून जहाज. जहाजात सात-आठ तास मी एका पिशवीत तोंड घालून बसले होते आणि जी पोरगी अशा पाण्याच्या प्रेमात पडते तिच्या डोक्याची मला मनापासून काळजी वाटत होती. धक्क्यावर ती न्यायला आली. काळी ठिक्कर पडलेली, केस मिठानं राठ झालेले, आणि हसते आहे! मिठी मारली तर तिच्या दंडाला पैलवानासारखे गोळे लागले. रागावायचं ठरवून आले होते, ते त्या दिवसापुरतं राहून गेलं.

बेटावर सूर्य पाच वाजायच्या आतच वर येतो आणि संध्याकाळी आपण चहा घेतो तेव्हा बुडतो. दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ती कामावर गेलेली होती. मी विचारत विचारत किनाऱ्यावर पोचले, आणि बघते तर काय, माझी इंजिनिअर मुलगी एका झाडाखाली स्टुलावर बसली आहे आणि तिच्या पुढ्यात चपलांची लांब रांग. रबरी, चामड्याच्या, लहान, मोठ्या, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. देवळाबाहेर बाई बसते ना चपला सांभाळायला, थेट तशी.

"एवढं शिकून चपला राखती व्हय गं?" मी तिथंच सुरू झाले.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नजर समुद्रावर ठेवूनच म्हणाली, "आई, अकरा वाजता सुटते मी. तोपर्यंत बोलू नको माझ्याशी. बोलायचं नसतं."

मला सांगितलं ते तिथल्या दादांनी. ते पन्नाशीचे, पिढीजात मासेमार. त्यांचे आजोबा बंगालकडून येऊन त्या बेटावर वसले. लाटांवर उभं राहायचे बोर्ड भाड्यानं द्यायची झोपडी त्यांचीच, आणि सगळं बेट त्यांना दादाच म्हणतं. त्यांनी मला आधी शहाळं दिलं आणि मग हिंदीत समजावलं. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकानं आपल्या चपला राखणदारापुढं काढायच्या आणि बाहेर आलं की स्वतःच्या हातानं उचलायच्या. रांगेत जितके जोड, तितकी माणसं पाण्यात. बेटावरचा माणूस असो की विमानानं आलेला पाहुणा, या रीतीतून कुणाची सुटका नाही. राखणदारानं बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, आणि दुसरं कुणी त्या स्टुलावर बसल्याशिवाय उठायचं नाही. सुनामीनं त्या बेटावरचं जवळजवळ प्रत्येक घर रिकामं केलं होतं. दादांच्या घरातलीही माणसं गेली. किती आणि कोण हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "उसके बाद बहुत साल कोई पानी में नहीं गया," ते म्हणाले. मग हळूहळू नवी पोरं फुटक्या होड्यांच्या फळ्या घेऊन लाटांवर घसरायला लागली, पुढं कुणी पाहुणा खरा बोर्ड मागं सोडून गेला, आणि मोठ्यांनी ठरवलं की खेळायचं तर खेळा, पण किनाऱ्यावर एक माणूस नुसता बघायला बसेल.

मी ऐकून घेतलं. पटलं असं नाही. मी म्हटलं, बघायला बसायचं तर त्याला इंजिनिअर कशाला पाहिजे?

ते हसले. मला राग आला नाही, कारण ते माझ्या हिंदीलाही तितकंच हसायचे. आपली हिंदी म्हणजे 'नक्को' आणि 'कायकू'. मी बोलायला लागले की झोपडीतली चार माणसं जवळ येऊन बसायची.

तिथल्या दिवसाची सुरुवातच न्यारी. सकाळी सगळे वाळूत येऊन बसतात आणि पंधरा-वीस मिनिटं कुणी बोर्डला हात लावत नाही. आमच्याकडे शेतकरी बांधावर उभा राहून आभाळ बघतो तसं समुद्राकडे बघत राहतात. वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे आहे का उलटा, भरती चढतेय का उतरतेय, लाटा किती वेळानं येतात आणि आल्या की किती येतात. मुलीनं मला दाखवलं, लाटा येतात त्या कळपानं. चार-पाच मोठ्या, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा. आणि या लाटा इथल्या नाहीतच म्हणे. दूर दक्षिणेला कुठंतरी वादळ होतं, ते संपूनही जातं, आणि त्याचं पाणी दिवसचे दिवस चालत इथवर येतं. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, आणि तरी लाट माणसाच्या डोक्याएवढी. मी चौथीच्या पोरांना पाण्याचं चक्र शिकवते, खडूनं बाण काढून. एवढी वर्षं शिकवलं आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते लई आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही. मी तिला न्यायला आले होते, शिकायला नाही.

रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता मी विषय काढायची. कंपनीची जागा, पप्पांची तब्येत, कूलरचं गवत. कूलरचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मी तिथं आठ तास स्क्रीनकडं बघायची आणि मला काही दिसायचं नाही. इथं मला दिसतं." पाचव्या दिवशी सकाळी आमचं चांगलंच वाजलं. मी म्हणाले, तुझ्या पायी तुझा बाप मुका झालाय. ती म्हणाली, मुके झालेत ते त्यांच्या मनानं. आणि राखणीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

मी तणतणत किनाऱ्यावर आले, पण तिच्याकडे गेले नाही. बरंच पुढं, केवड्याच्या झुडपांपाशी गेले. आता एक सांगायला हवं. मला पोहता येतं, आणि त्याचा मला गर्व होता. आमच्या गावात पोरींना विहिरीत कोण उतरवतं? माझ्या वडिलांनी उतरवलं. चाळीस हात विहिरीत मी वरच्या दगडावरून उडी टाकायची. इथं येऊन पाच दिवस मी नुसती पाय भिजवत होते आणि लोक मला 'आंटी, संभलके' म्हणत होते, तेही डोक्यात गेलेलं. म्हटलं, दाखवतेच यांना.

चपला राखणीत ठेवल्या असत्या तर तिच्याशी बोलावं लागलं असतं. आणि खरं सांगू का, चपला नव्या होत्या. गुलमंडीवरून खास प्रवासाला घेतलेल्या. देवदर्शनाला गेल्यावर चपला कुठं ठेवायच्या हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी दोन्ही चपला केवड्याच्या मुळाशी दडवल्या, वर वाळलेली पानं टाकली, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधली, आणि पाणी बघायला लागले.

डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या, आणि मधल्या एका पट्ट्यात पाणी गप्प होतं. जरा गडद, जरा गढूळ, पण गप्प. विहिरीत पोहणारं माणूस असलंच पाणी पसंत करणार. मी तिथं उतरले.

कमरेइतक्या पाण्यात दोन हात मारले आणि मस्त वाटलं. आणखी दहा-बारा मारले. वळून बघितलं तर किनारा मला वाटला होता त्याच्या दुप्पट लांब. पाय खाली सोडले, तळ नाही. हरकत नाही म्हटलं, आणि किनाऱ्याकडे हात मारायला लागले. विहिरीत एकच शिकवलेलं असतं, दम लागला की काठ धर, समोर दिसतो तो. मी काठाकडे जीव तोडून हात मारत होते आणि केवड्याची झुडपं लहान लहान होत चालली होती. पाणी मला ढकलत नव्हतं, बुडवत नव्हतं. नुसतं नेत होतं. तोंडात खारट पाणी गेलं, दंड शिशाचे झाले. देवाचं नाव आलं नाही तोंडात. एवढंच आलं की त्यांनी कूलर भरून ठेवलाय आणि मी कुणालाच घेऊन जाणार नाही, स्वतःलाही नाही.

मग शिट्टी ऐकू आली, लांबून. आणि जरा वेळानं, किती ते मला सांगता येणार नाही, तिचा आवाज.

"आई! हात मारू नको! थांब!"

ती बोर्डवर पालथी पडून दोन्ही हातांनी पाणी कापत माझ्याकडे येत होती. मी ओरडले, "अगं काठ तिकडं हाय!"

"काठ विसर! पाठीवर हो. माझ्याकडं बघ. आई, माझ्याकडं बघ!"

तो आवाज मी ओळखला. चौथीचा वर्ग उधळला की माझा लागतो तोच. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या मुलीचं निमूट ऐकलं. हात सोडले, पाठीवर झाले. पाण्यानं मला धरून ठेवलं. तिनं माझी ओढणी पकडून मला बोर्डवर ओढलं, स्वतः मागं राहिली, आणि किनाऱ्याकडे न जाता आडवीच निघाली, किनारा उजव्या हाताला ठेवून. मला वाटलं पोरगी घाबरून दिशा चुकली. पण थोड्या वेळात ती ओढ सुटल्याचं मलाही कळलं. मग तिनं मागं वळून बघितलं, म्हणाली, "आता घट्ट धर," आणि एक लाट आमच्या खालून उठली. आम्ही दोघी त्या बोर्डवर पालथ्या, फेसात, सुसाट, थेट वाळूपर्यंत. माझं सर्फिंग ते एवढंच. पण जिथून निघालेली कुणास ठाऊक अशा त्या लाटेनं मला उचलून जमिनीवर ठेवलं, आणि त्या लाटेचे उपकार मी मानते, कुणी हसलं तरी.

वाळूत मी बराच वेळ ओकत होते. ती बाजूला बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

नंतर कळलं ते असं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथं तळ खोल, तिथून ते जातं. खोल असल्यामुळं तिथं लाट फुटत नाही. ज्या गप्प पाण्याला मी चांगलं पाणी समजले, तीच परतीची वाट होती. समोरून तिच्याशी झुंजायचं नसतं, बाजूला सरायचं असतं. आणि माझ्या चपला रांगेत नसल्यामुळं राखणीच्या हिशेबानं मी पाण्यात नव्हतेच. मुलीला ओढीत एक काळं डोकं दिसलं, आणि मग हात दिसले. पाण्यावर थाडथाड आपटणारे, मान वर काढून मारलेले. "असे हात इथं कुणीच मारत नाही," ती म्हणाली. "असे फक्त आपल्याकडं विहिरीत मारतात."

त्या संध्याकाळी तिनं बॅग काढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी पांघरूण घेऊन बसले होते. ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मी येते तुझ्यासोबत. आज तुला काही झालं असतं तर पप्पांना काय तोंड दाखवलं असतं? साहेबांना कळव, जूनपासून येते म्हणून."

ज्यासाठी आले होते ते हातात पडलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? लगेच ह्यांना फोन लावला, "पोरगी यायला तयार झाली" म्हणाले. बाकीचं काही बोलले नाही. तिकडून नुसतं "बरं" आलं, पण तसलं 'बरं' मी इतक्या वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारात. न सांगता पाण्यात उतरणाऱ्यानं दुसरा दिवस पूर्ण राखणीला बसायचं, असा तिथला दंड आहे. "आप भी," ते म्हणाले. मास्तरीण असल्याचं काही चाललं नाही. मी स्टुलावर जाऊन बसले. पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या चपला पायात आहेत ना बघून घेतलं, मग समोर बघायला लागले.

पहिला तास मला फक्त पाणी दिसत होतं. दुसऱ्या तासाला डोकी दिसायला लागली. कोण थकलंय, कोण उगीच पुढं सरकतंय, कोण सोबत्यापासून लांब गेलंय. सातवा जोड कुणाचा, नववा कुणाचा. दुपारपर्यंत मला ती ओढही दिसली, गडद पट्टा, आज कालच्यापेक्षा जरा उत्तरेला. माझे डोळे दुखत होते, मान आखडली होती, आणि पोरगी हे रोज करते हे मनात येत होतं.

दुपारी उथळ पाण्यात काही बाया आल्या. साड्या खोचलेल्या, काही माझ्या वयाच्या. लाटेत घरचं माणूस गेल्यापासून कधी पाण्याला न शिवलेल्या. माझी मुलगी त्यांना पोहायला शिकवत होती, आणि प्रत्येकीच्या पाठीवर तिनं प्लॅस्टिकचा रिकामा कॅन बांधला होता. माझ्या पाठीवर वडिलांनी गोडेतेलाचा पत्र्याचा डबा बांधला होता, दोरी काखेतून घेऊन, छातीवर अशीच गाठ मारून. हे मी मुलीला कधी लहानपणी सांगितलं असेन. एका बाईनं पाय उचलले आणि ती तरंगली. तरंगली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मी राखणीला होते, मला डोळे पुसायलाही खाली बघायचं नव्हतं. बाबा, तुम्ही हे बघायला पाहिजे होतं, असं मी मनात म्हटलं.

संध्याकाळी मला सोडवायला दादा आले. स्टुलावर बसायच्या आधी त्यांनी समुद्राकडे बघतच सांगितलं. काल मुलीनं मला पाण्यात बघितलं तेव्हा चार जोड रांगेत होते, म्हणजे आणखी चार माणसं पाण्यात. ती उठली नाही. शिट्टी मारत राहिली, दादा पळत आले, स्टुलावर बसले, तिनं त्यांना हातानं चारही डोकी दाखवली, आणि मग बोर्ड उचलला. "अपनी माँ डूब रही थी, आंटी. फिर भी पहले मुझे बिठाया."

पहिल्यांदा मला ते लागलं. मी तिकडं मरत होते आणि ही डोकी दाखवत होती! खोलीपर्यंत चालत जाईस्तोवर मी मनात तिच्याशी भांडले. मग दारात तिची भरलेली बॅग दिसली. चार माणसं कुणाची तरी आई-बाप-लेकरं असतील. त्यांना तिनं वाऱ्यावर सोडलं नाही आणि मलाही सोडलं नाही. एवढं शहाणपण मला सव्वीस वर्षं शिकवून कुठल्या वर्गात पेरता आलं होतं? आणि हिला मी उचलून स्क्रीनपुढं नेऊन बसवणार होते.

मी बॅगेची चेन उघडली आणि तिचे कपडे परत दोरीवर टाकायला लागले. ती आली, बघत उभी राहिली.

"आई, काय करती?"

"तू नको येऊ."

"पप्पांना सांगितलंस ना?"

"मी सांगितलं, मीच निस्तरीन. तू तुझं काम कर."

ती माझ्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी हुंदके देऊन रडली. मीही रडले. भाकऱ्या त्या दिवशी करपल्या.

परतीच्या प्रवासात जहाजात मला उलटी झाली नाही. सगळा वेळ मी कठड्याशी उभी होते, आणि लाट आली की ती कुठून निघाली असेल ते मनात धरत होते. पण घर जवळ यायला लागलं तशी ह्यांना काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले. स्टेशनवर हे आलेले होते. एरवी स्कूटर घेऊन येतात. त्या दिवशी रिक्षा आणली होती, तिघांसाठी. त्यांनी माझ्या मागं डब्याच्या दाराकडे बघितलं. गाडी सुटेपर्यंत बघत राहिले. मग माझी पिशवी उचलली आणि रिक्षात ठेवली.

सकाळी चहा पुढं ठेवून मी सगळं सांगितलं. चपलांची रीत, गप्प पाणी, माझे हात, शिट्टी, चार जोड, सगळं. एकही गोष्ट माझ्या बाजूनं वळवली नाही. ते कपातल्या चहाकडे बघत होते. माझं झालं तेव्हा त्यावर साय धरली होती. उठले, डबा न घेताच दुकानात गेले. मी मागं डबा घेऊन दारापर्यंत धावले, तोवर स्कूटर कोपऱ्यावर वळली होती.

दुपारी मुलीचा फोन आला.

"आई, पप्पांचा फोन आला होता."

मी हातातलं काम ठेवलं. "काय म्हणाले?"

"म्हणाले, 'आई पोचली बरं का घरी. तू आणून दिलीस.'"

"आणि?"

"आणि काही नाही. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आई. मग मीही ठेवला नाही. बराच वेळ नुसता मागं दुकानातल्या मोटारीचा आवाज येत होता."